फक्त नाव बदललेलं गाव

झेरॉक्सच्या मशीनचं झाकण तळहाताने थाडकन पाडायचं आणि समोरच्या पोराकडे न बघताच विचारायचं, "राक्षस मंग आणू. पह्यले सांग, कोनाचं काय गेलं?" भाऊंची ही रोजची सुरुवात. रांगेत जातीच्या दाखल्याची प्रत काढायला उभा असलेला एखादा खेड्यातला माणूस दचकायचा, कारण त्याला वाटायचं आपल्यालाच विचारलं. मग तो बिचारा खरंच सांगू लागायचा, की म्हैस गेली जंगलात, नाहीतर पोराची मार्कशीट गेली एसटीत. भाऊ त्याचंही मन लावून ऐकायचे. पुढच्या रविवारी ती म्हैस आमच्या खेळात यायची.

हे मी शांतपणे लिहायचं ठरवून बसलो होतो. जमत नाही. तेव्हा मध्येच माझा आवाज चढला तर समजून घ्या, आणि नाही समजून घेतलंत तरी मी तो खाली आणणार नाही.

चंद्रपुरात इंजिनिअरिंग कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं आणि त्याला लागून माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट. मध्ये एकच भिंत. माझ्याकडे दिवसभर टाइपरायटरांचा खडखडाट, त्यांच्याकडे मशीनची घरघर आणि या दोन्हींच्या वर भाऊंचा आवाज. पाटीवर त्यांचं नाव नव्हतं, नुसतं 'झेरॉक्स' होतं. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, कॉलेजची पोरंही आणि मीही. मला ते मास्तर म्हणायचे. माणूस धान पिकवणाऱ्या घरातला, गाव बसने तासाभरावर. शिक्षण अर्ध्यात सुटलेलं, राग मात्र पूर्ण.

खेळ त्यांच्याकडे कसा आला, ते सांगतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याकडचा एक विद्यार्थी इंग्रजी नियमांचा एक जाडजूड गठ्ठा घेऊन आला. टेबलाभोवती बसून खेळायचा तो खेळ. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पुढे काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि ते साधलं की नाही हे फासा ठरवणार. गठ्ठा पाठपोट छापलेला होता. भाऊ त्या दिवशी कोणावर तरी भडकलेले होते, त्या भरात त्यांनी फक्त पुढच्याच बाजूच्या प्रती काढल्या. पोराने तो अर्धवट गठ्ठा घ्यायला नकार दिला, मग भाऊ त्याच्यावरही भडकले, आणि मग नीट दुसरी प्रत काढून दिली. अर्धवट गठ्ठा दुकानातच राहिला.

दुसरा कोणी असता तर त्यात भजी बांधली असती. भाऊंनी तो वाचला. अडलेल्या शब्दासाठी माझ्याकडची डिक्शनरी नेली, ती कधी परत केली नाही. पाठची पानं नव्हतीच, तेव्हा जिथे नियम तुटायचा तिथून पुढचा त्यांनी स्वतः केला. फासा नव्हता म्हणून हाउजीच्या डब्यातले एक ते वीस आकडे एका कापडी पिशवीत घातले. ज्याची पाळी त्याने हात घालून आकडा काढायचा, जितका मोठा तितकं यश.

त्यांच्या पुस्तकातला ड्रॅगन तुम्ही बघायला हवा होता. तो किती लांब, पंख केवढे, आग किती दूर जाते, सगळं पानावर होतं. त्याला मारायचं कसं हे पाठीमागे असावं, कारण ते नव्हतं. पूर्ण पुस्तक असलेली पोरं त्यांना सांगायला गेली तर त्यांनी ऐकून घेतलं नाही. "माह्या पुस्तकात नाई," म्हणाले. विषय संपला. भाऊंच्या राज्यात ड्रॅगन मरतच नसे. त्याच्याशी बोलावं लागायचं, काहीतरी कबूल करावं लागायचं, कबूल केलेलं पाळावं लागायचं. तलवारी परजून आलेली पोरं पहिल्या महिन्यात वैतागायची. दुसऱ्या महिन्यात त्यांना दुसरा कुठला ड्रॅगन आवडेनासा व्हायचा.

खेळायला रविवारी दुपारी बसायचं, शटर अर्धं खाली ओढून. आम्ही चौघं कायमचे. दोन पोरं राजुऱ्याची, एक प्रशांत नावाचा वरोऱ्याचा, आणि मी. मी त्यांच्यापेक्षा वयाने बराच मोठा. बायको म्हणायची, तुम्हाला काही लाजबीज आहे का? नव्हती.

भाऊंचं खरं काम गोष्ट रचण्याचं, आणि त्यात ते कोणाची गय करत नसत. प्रशांत एकदा उत्साहाने कथानक घेऊन आला, की राजकन्येला राक्षसाने पळवली, आता आपण तिला सोडवायची. भाऊंनी झाकण आपटलं. पळवली तेव्हा तिची माय कुठे होती, राक्षसाला राजकन्या कशाला हवी, तो तिला खायला घालतो का, घालत असेल तर धान्य कुठून आणतो, आणि मुळात राजकन्येला परत यायचं आहे का, असे प्रश्न त्यांनी त्याच्यावर सोडले. प्रशांतचा चेहरा पडला. भाऊंना दया आली नाही. गोष्ट रचताना आळस करणारा माणूस त्यांना भाजीत माती मिसळणाऱ्यासारखा वाटायचा.

त्यांची स्वतःची कथानकं अशी असायची. एका बाईची हाक हरवली आहे. ती दारात उभी राहून पोराला बोलावते, ओठ हलतात, आवाज निघत नाही. आणि तिकडे जंगलात, अगदी तिच्याच आवाजात, कोणीतरी तिच्या पोराला नावाने बोलावतंय. एवढंच सांगून ते थांबायचे आणि मशीनमध्ये कागद भरायला लागायचे. आम्ही आठवडाभर त्या बाईचा विचार करायचो. दुसरं एक असं, की शहराच्या कोटाला चार दरवाजे आहेत, सगळ्यांना ठाऊक. एका सकाळी पाच दिसतात. पाचव्यावर पहारेकरीही उभा आहे आणि तो म्हणतो, मी तर लहानपणापासून इथेच आहे, तुम्हीच कधी या बाजूने आला नाहीत. त्या दरवाजाच्या आत काय आहे हे शोधण्यात आमचा एक अख्खा उन्हाळा गेला. चंद्रपूरचा उन्हाळा, बंद शटर, वर गरगरणारा पंखा, आणि आम्ही चार घामाघूम माणसं पाचव्या दरवाजात शिरावं की नाही यावर भांडत होतो. त्यापेक्षा चांगला उन्हाळा मला आठवत नाही.

ते सगळं कुठून सुचतं असं मी एकदा विचारलं. म्हणाले, लोक माझ्या दुकानात काही आनंदाने येतात का, मास्तर? कोणाचं तरी काही गेलेलं असते, नाई तं जाऊन राह्यलेलं असते, म्हून कागद काढायचा असते. मी फक्त विचारतो.

आता ते गाव.

भाऊंच्या गावाला तलाव होता. मोठा, जुना, उंच पाळीचा. टेकडीकडून एक नाला यायचा तो तलावात पडायचा आणि त्या पाण्यावर सगळं धान. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. पाळीवर बसून त्यांच्या वहिनीने दिलेलं वांग्याचं भरीत आणि भात खाल्ला. भाऊ तिथे ओरडत नसत, हे माझ्या लक्षात आलं. तिथे ते नुसते बसायचे आणि पाण्याकडे बघायचे.

त्या गावाखाली कोळसा निघाला. आमच्या भागात ही काही नवलाची गोष्ट नाही. जमिनीच्या पोटात कोळसा असणं हा वर राहणाऱ्यांचा गुन्हाच असतो. खुली खाण येणार, गाव उठणार, अशी बातमी आली. गाव मात्र उठायला तयार नव्हतं. लोक म्हणाले, जमीन देत नाही, काय करायचं ते करा. भाऊ तिकडच्या बैठकांना जायचे आणि परत आल्यावर माझ्या दाराशी बसून चहा घ्यायचे, न बोलता. त्यांनी न बोलता चहा घेणं हे मला अजिबात आवडायचं नाही.

मग एका रविवारी त्यांनी नवा खेळ काढला. मोठ्या कागदावर गाव काढून आणलं होतं. तलाव, पाळ, टेकडी, नाला, धानाच्या बांध्या, मारुतीचं देऊळ, सगळं. राजाला काळा दगड हवा आहे, तो दगड गावाखाली आहे, आणि गावकरी जागा सोडत नाहीत. तुम्ही चौघं त्या गावात आहात. आता काय करता, सांगा. मला त्यांनी या वेळी गावचा पाटील केलं आणि तिघं पोरं बाहेरून आलेले शूर वीर.

पोरं गेल्यावर मी कागदाकडे बोट दाखवून विचारलं, की हे तुमचंच गाव ना.

"नाव बदललं," भाऊ म्हणाले. "बाकी काई बदललं नाई. खोटा तलाव काढला असता तं पोट्टे उत्तरही खोटंच देतील."

आणि मग हळूच म्हणाले, "मले काई सुचून नाई राह्यलं, मास्तर. पोट्टे हुशार आहेत. ते काढतील काईतरी."

तेव्हा मला कळलं. भाऊ खेळ मांडत नव्हते, ते विचारत होते. गाव कसं वाचवायचं याचं उत्तर त्यांना ना बैठकीत मिळालं होतं ना वकिलाकडे, म्हणून त्यांनी प्रश्न टेबलावर ठेवला होता, जिथे त्यांना सगळ्यात जास्त उत्तरं मिळाली होती तिथे. पोरांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि सांगू नका असं त्यांनी मला बजावलं. कीव येऊन दिलेलं उत्तर त्यांना नको होतं.

पहिल्या रविवारी राजुऱ्याच्या पोरांनी राजाच्या सैन्याशी लढाई मांडली. भाऊंनी विचारलं, सैन्य हरलं तर राजा दुसरं पाठवेल, तेव्हा? मग ड्रॅगनची मदत घ्यावी असं निघालं. भाऊंनी विचारलं, बदल्यात त्याला काय कबूल करणार? ते सुटेना. भाऊ प्रत्येक वेळी इतक्या आशेने पुढे वाकायचे की मला बघवायचं नाही. दुसऱ्या रविवारीही काही हाती लागलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी प्रशांत आला तोच हसत. त्याने विचारलं, राजाच्या बाजूने गेलं तर चालेल का? बक्षीस तर राजाच देणार.

भाऊंच्या टेबलावर कोणालाही काहीही करायची मुभा होती, हा त्यांचा स्वतःचा नियम. "चालते," म्हणाले. "खेळ आहे."

प्रशांतने नाल्यावर बोट ठेवलं. गावाला हातच लावायचा नाही, तो म्हणाला. एक झोपडी मोडायची नाही, एका माणसाला काठी मारायची नाही. राजाला दगड काढायला माती खणावीच लागणार. ती माती इथे टाकायची, टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या तोंडावर. तलावात पाणी येणार नाही. एक-दोन पावसाळे गेले की लोक आपले आपणच हात जोडून येतील, जमीन घ्या म्हणून. आणि राजा सांगायला मोकळा, की मी तर कोणाला हाकललं नाही.

राजुऱ्याची पोरं खूश झाली. एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

मी पाटील होतो. मी गावकऱ्यांना माती उपसायला पाठवलं, प्रशांतने सांगितलं की माती राजाची आहे, हात लावला की चोरी. मी राजाच्या दरबारात फिर्याद नेली, तर दरबार राजाचाच. पिशवीत हात घातला की माझ्या हाती भिकार आकडे यायचे. भाऊ माझ्याकडे बघत होते, आणि खेळ सांगणाऱ्या माणसाने कधी करू नये ते त्यांनी केलं. "मास्तर, काईतरी करा ना," ते म्हणाले.

मला काही करता आलं नाही. तुम्हाला आलं असतं? मी पुष्कळांना विचारून पाहिलं आहे. वकिलांना, एका निवृत्त तहसीलदारालाही. सगळे म्हणतात, पोरगं डोकेबाज होतं.

भाऊंनी बक्षीस दिलं. राजाची अंगठी आणि एक घोडा, नियमाप्रमाणे. मग कागदाची घडी केली आणि म्हणाले, आज लवकर बंद करतो. ते झाकण न आपटता आत गेले.

पुढच्या वर्षी प्रशांत पास झाला आणि एका कंत्राटदाराकडे लागला. कोळशाच्या वरची माती काढायची आणि कुठेतरी नेऊन टाकायची, हे त्या कंत्राटदाराचं काम. दुसरी दोघं पोरं पुण्याला गेली. रविवारची दुपार रिकामी झाली. भाऊ नव्या पोरांना जमवायच्या गोष्टी करायचे, पण जमवलं नाही.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या गावाच्या नाल्यावर मातीचा ढिगारा चढू लागला. ही खबर भाऊंनीच मला दिली. टिप्पर येतात, माती ओततात, जातात. लोकांनी अर्ज केले, त्यावर उत्तर आलं की माती टाकायची जागा मंजूर आहे. तलाव निम्माही भरला नाही. आणि सांगताना भाऊंच्या चेहऱ्यावर एक विचित्र समाधान होतं, त्याचा मला तेव्हाही राग आला. "माह्या खेळासारखंच झालं, मास्तर," ते म्हणाले. "म्हंजे मी त्याहिले बरोब्बर वळखलं होतं." इतका चांगला खेळ रचला की खऱ्या जगाने त्याचीच नक्कल केली, असं काहीतरी त्यांना वाटत असावं. माणूस बुडताना कशाचाही अभिमान धरतो.

मग प्रशांत पेढे घेऊन आला.

सकाळची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी तिथेच पेपर वाचत होतो. नवा शर्ट, नवी मोटरसायकल. भाऊंच्या पाया पडला, माझ्याही पडला. कायम झालो म्हणाला, नोकरीत. आणि खुर्ची ओढून, आमच्यावरच्या जुन्या हक्काने, कसं झालं ते सांगायला बसला. साहेब एका गावापायी हैराण झाले होते. लोक जमीन देईनात, काम अडलं. मीटिंगमध्ये सगळे गप्प, तेव्हा हा उठला आणि म्हणाला, माती कुठे टाकायची ते मी सांगतो.

"तुमच्याच खेळातली आयडिया, भाऊ," तो म्हणाला. "मी सायबाले सांगितलं पण, आमचे एक भाऊ आहेत चंद्रपूरले म्हून."

मी विचारलं, कोणतं गाव. त्याने नाव सांगितलं.

मी काही मारकुटा माणूस नाही. जन्मभर पोरींना आणि पोरांना टाइपरायटरवर बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं. पण मी त्या पेढ्यांच्या बॉक्सला असा हात मारला की पेढे रस्त्यापर्यंत गेले, आणि त्याच्या नव्या शर्टाची कॉलर माझ्या मुठीत होती. ते याचं गाव आहे, मी ओरडलो, ज्याचं मीठ खाल्लंस त्याचं गाव आहे, त्याची माय राहते तिथे. प्रशांत पांढरा पडला. तो भाऊंकडे वळला आणि जे बोलला ते मला मरेपर्यंत ऐकू येणार.

"मले काय माहीत, भाऊ? खेळात नाव तं वेगळं होतं."

म्हणजे नाव दुसरं असतं तर चाललं असतं. तुम्ही नीट ऐका हे वाक्य. त्याला वाईट वाटलं ते गाव ओळखीच्या माणसाचं निघालं म्हणून. कोणाही अनोळखी माणसाचा तलाव मारायला त्याची हरकत नव्हती, त्यावर तो पेढे वाटत फिरत होता. मी हे त्याला सांगणार होतो, कॉलर न सोडता. पण भाऊंनी माझा हात धरला. ज्यांना एवढ्यातेवढ्यावरून झाकण आपटायची सवय त्यांनी एका शब्दानेही आवाज चढवला नाही.

"सोडा त्याले, मास्तर," म्हणाले. "त्याले काऊन मारता? मी शिकवलं त्याले."

मग प्रशांतकडे वळून ते म्हणाले, "तुमी आता घरी जा." आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तुमी' म्हणाले. प्रशांत मोटरसायकलवर बसला आणि गेला.

भाऊंचं ते वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही. मी शिकवलं त्याले. काय शिकवलं? कोणाचं काय गेलं हे आधी विचार, हे शिकवलं. दर रविवारी, वर्षानुवर्षं, घसा कोरडा होईपर्यंत. ते नेमकं सोडून त्या पोराने बाकी सगळं उचललं, आणि दोष कोणी घेतला? ज्याचा तलाव गेला त्याने. कंत्राटदार सुटला, त्याचा साहेब सुटला, ती जागा मंजूर करणारा सुटला, पोरगं सुटलं. सगळ्यांच्या वाटचं एका माणसाने अंगावर घेतलं आणि शांत झाला. अशा शांत होण्याने माणसं मोठी दिसतात, मला मान्य आहे. मला ते मोठे नको होते. मला ते ओरडायला हवे होते.

दुकान ते त्यानंतर फार दिवस उघडत नसत. गावात असायचे. गावाने फावडी घेऊन ढिगाऱ्याच्या बाजूने नाल्याला वाट करून दिली, भाऊ सगळ्यात पुढे. पुढच्या पावसाळ्यात तलावात थोडं पाणी आलंही. भाऊंनी मला निरोप पाठवून बोलावलं, मी गेलो, पाळीवर उभं राहून ते गढूळ पाणी बघितलं. नंतर यंत्रं आली आणि वाट बुजवली. सोबत पोलीसही होते, फावड्यांच्या बंदोबस्ताला. एक वर्ष धान झालं नाही, दुसऱ्या वर्षी विहिरी गेल्या. मग प्रशांत म्हणाला होता तसंच, लोक आपले आपण आले आणि जमीन घ्या म्हणाले. कोणीही कोणाला हाकललं नाही.

भाऊंनी मशीन विकलं. त्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे.

गावाला वसाहत मिळाली, रस्त्याच्या कडेला, एकसारख्या घरांच्या रांगा. मी बरीच वर्षं गेलो नाही, मग गेल्या उन्हाळ्यात गेलो. घर विचारत विचारत पोचलो. भाऊ वाळले होते, केस पांढरे. माय गेली, म्हणाले. इथी आल्यावर लगेच गेली. मी विचारलं, काय करता दिवसभर. म्हणाले, काई नाई. दुपारी टँकर येते.

टँकर आला. बरोबर त्यांच्या दारापुढे थांबला, रांगेतली बाकीची घरं सोडून. मी त्याच्यावरचं नाव वाचलं. त्याच कंत्राटदाराचं. ज्याने माती टाकली तोच आता पाणी पुरवत होता. ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "काका, ड्रम आणा तुमचा पह्यले. प्रशांतसायबानं सांगून ठेवलं आहे."

मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी अंगणातला निळा ड्रम उचलला, टँकरच्या तोटीसमोरून नेला आणि वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन रांगेत शेवटी ठेवला. मी त्यांच्या मागून गेलो. पुढची एक बाई मागे वळून मला म्हणाली, याहिचं हे रोजचंच आहे, दादा, आमी सांगून थकलो.

ऊन मी म्हणत होतं. आम्ही दोघं ड्रमच्या दोन बाजूंना उभे होतो. रांग सरकत होती, बाया भांडत होत्या, कोणाची तरी बादली लवंडली. आमची पाळी आली तेव्हा नळीतून नुसती हवा येत होती. ड्रायव्हर खाली मान घालून नळी गुंडाळायला लागला.

भाऊंनी ड्रम उचलला. "चला मास्तर," म्हणाले, "चहा घेऊन जा. हंड्यात असल कालचं पानी."